दिव्याच्या झोतात जनावर थबकतं तेव्हा

संकेश्वरला दोन महामार्ग भेटतात. पुणे–बेंगळुरू महामार्ग निपाणीकडून तवंदी घाट ओलांडून येतो आणि हत्तरगीमार्गे बेळगावला जातो. दुसरा इथूनच पश्चिमेला फुटतो, गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत सह्याद्री उतरतो आणि बांद्याला कोकणात पोचतो. कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग ५४८ एच. लांबी शंभरेक किलोमीटर. हिरण्यकेशी नदी आंबोलीत उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा हाच पट्टा उलट्या दिशेने वाहत येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. संकेश्वरला येईपर्यंत त्याचा जोर पार ओसरलेला असतो. त्यामुळे दोन-अडीच तासांच्या प्रवासात दाट जंगल, माळ, ऊस आणि मिरचीची शेतं अशी सगळी सृष्टी एकामागून एक लागते. रात्री या रस्त्यावर गाडीसमोर काय येईल, त्याची यादीही तशीच लांबलचक होते. वरच्या अंगाला गवा, सांबर, भेकर, साळिंदर, उदमांजर. मधल्या माळावर ससा आणि कोल्हा. खाली वस्त्यांजवळ कुत्री, गाई, म्हशी. रानडुक्कर आणि साप सगळीकडे.

ज्याच्या गाडीखाली रात्री एखादं जनावर आलंय, त्याला ती रात्र विसरता येत नाही. धक्का बसतो, ब्रेकचा आवाज येतो, आणि नंतर कितीतरी दिवस दोन प्रश्न डोक्यात फिरत राहतात. ते पळालं का नाही? आणि मला आधी दिसलं का नाही? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी डोळ्यांत आहेत. जनावराच्या आणि आपल्याही.

आधी जनावराचा डोळा पाहू. अंधारात गाईवर दिवा पडला की तिचे डोळे निळसर हिरवे चमकतात. हा प्रकाश तिचा नसतो, आपलाच असतो, आपल्याकडे परत आलेला. डोळ्याच्या आत पाठीमागच्या बाजूला प्रकाश टिपणारं दृष्टिपटल असतं. गाय, हरीण, मांजर, कुत्रा, कोल्हा अशा अनेक प्राण्यांमध्ये त्याच्याही मागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला प्रकाशाचा कण दृष्टिपटलातून एकदा जातो. तिथल्या पेशींना तो सापडला नाही, तर हा आरसा त्याला मागे ढकलतो आणि त्याच पेशींना दुसरी संधी मिळते. चांदण्याच्या क्षीण उजेडात चरणाऱ्या किंवा शिकार करणाऱ्या प्राण्याला ही दुसरी संधी फार मोलाची असते. दुसऱ्या फेरीतही निसटलेला प्रकाश बाहुलीतून बाहेर पडतो. तीच ती चमक.

हा आरसा सगळ्यांचा एकसारखा नाही. मांजर-कुत्र्यांमध्ये तो खास पेशींच्या थरांचा असतो. मांजराच्या पेशींत रायबोफ्लेविन, म्हणजे आपण ज्याला ब-२ जीवनसत्त्व म्हणतो ते, भरलेलं असतं, तर कुत्र्याच्या पेशींत जस्ताची संयुगं. गाय, म्हैस, हरीण यांच्यात पेशी नाहीतच, कोलॅजनचे अतिशय बारीक तंतू एकसारख्या अंतराने रचलेले असतात. त्या तंतूंना स्वतःचा रंग नसतो. त्यांच्यामधलं अंतर किती आहे, त्यावर कोणता रंग परतणार हे ठरतं. मोरपिसाचा निळा रंग याच भौतिकशास्त्राने तयार होतो. उत्तर नॉर्वेतल्या रेनडिअरमध्ये तर हा आरसा ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात, सूर्य मावळतच नाही तेव्हा, तो सोनेरी असतो. हिवाळ्याच्या लांबलचक काळोखात तो गडद निळा होतो. २०१३ साली संशोधकांनी त्याचं कारण सांगितलं. हिवाळ्यात बाहुली महिनोनमहिने विस्फारलेली राहते, डोळ्यातला दाब वाढतो, तंतू एकमेकांजवळ दाबले जातात आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. त्याबरोबर डोळ्याची अंधुक उजेडातली ताकदही वाढते. गाईच्या डोळ्यात आहे त्याच जातीचा आरसा, फक्त तिकडे तो हंगाम पाहून स्वतःला जुळवून घेतो!

या आरशाची आणखी एक गंमत आहे. डोळ्याचं भिंग प्रकाश बरोबर आरशाजवळ गोळा करतं, त्यामुळे परतीचा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने जातो. म्हणून कोल्ह्याचे डोळे ड्रायव्हरला चमकताना दिसतात; रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला तेच डोळे त्याच क्षणी दिसत नाहीत. उसाच्या ट्रॉलीमागे आणि बैलांच्या शिंगांना लावतात ती रेडियमची पट्टी याच तत्त्वावर चालते. तिच्यात रेडियम मुळीच नसतं. काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलक असतात, आणि ते प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात. रस्त्याच्या मधोमध बसवतात ते चमकणारे खडे इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये पेटंट केले. त्यांना हे मांजराच्या डोळ्यांवरून सुचलं असं सांगतात. त्यांनी त्या खड्यांना नावही मांजराच्या डोळ्याचंच दिलं.

आता ज्यांचे डोळे चमकत नाहीत त्यांच्याकडे वळू, कारण धोका तिथे जास्त आहे. माणसाच्या डोळ्यात हा आरसा नाही. माकडाच्या नाही. डुकराच्याही नाही. रानडुक्कर रात्री रस्त्यावर येतं तेव्हा राखाडी-काळं अंग, जमिनीलगतची उंची आणि न चमकणारे डोळे घेऊन येतं. ड्रायव्हर ज्या दोन ठिणग्यांची वाट पाहत असतो, त्या उमटतच नाहीत. शिवाय डुकरं बहुधा एकेकटी नसतात. एक पार झालं म्हणून वेग वाढवला की मागचं पिल्लू चाकासमोर सापडतं.

गव्याची गोष्ट आणखी वेगळी. मोठा नर सातशे किलोपासून हजार किलोपर्यंत भरतो, खांद्याशी माणसाच्या उंचीचा असतो, आणि त्याचं काळंभोर अंग दिव्याचा बहुतेक प्रकाश गिळून टाकतं. पाय मात्र गुडघ्यापासून खाली पांढरट. गाडीचा डिप्पर खालच्या दिशेने पडतो. त्यामुळे आजऱ्याच्या पुढे जंगलात गवा दिसतो तो असा: आधी रस्त्यावर चार पांढुरके मोजे, वर काहीच नाही. त्या मोज्यांवर अख्खा डोंगर उभा आहे हे मेंदूला कळायला क्षण लागतो, आणि तो क्षण ड्रायव्हरकडे नसतो. अशा उंच जनावराला मोटारीची धडक पायांना बसते. त्याचं धड बॉनेटच्या वर असतं, ते सरळ काचेवर येतं. माणसंही दगावतात ती यामुळे. म्हशीला तर पांढरे मोजेही नसतात. डांबरी रस्ता काळा, रात्र काळी, म्हैस काळी.

मग ते पळत का नाही?

गाय, शेळी, हरीण यांची बाहुली आडवी असते. कॅलिफोर्नियातल्या मार्टिन बँक्स यांच्या गटाने २०१५ मध्ये २१४ जातींच्या प्राण्यांच्या बाहुल्या तपासल्या, आणि आडव्या बाहुलीचा अर्थ लावला. जमिनीवर चरणाऱ्या, शिकारीला बळी पडणाऱ्या प्राण्याला क्षितिजाच्या रेषेवर चहूकडे नजर ठेवायची असते. आडवी बाहुली ती रेषा स्वच्छ दाखवते. शेळ्या, मेंढ्या, घोडे चरायला मान खाली घालतात तेव्हा बाहुली उभी व्हायला हवी, पण होत नाही. डोळा खोबणीतल्या खोबणीत फिरतो आणि बाहुलीला जमिनीशी समांतर ठेवतो. पुढच्या वेळी शेळी चरताना दिसली तर जवळ बसून तिचा डोळा पाहा.

पण या विशाल नजरेची किंमत आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा भाग समोर अगदी अरुंद राहतो, आणि अंतराचा अंदाज त्याच भागात नीट येतो. म्हणून दुरून काही येतंय असं वाटलं की गाय थांबते, मान वळवते आणि सरळ त्याच्याकडे तोंड करून पाहते. ड्रायव्हरला वाटतं, ही बघतेय, म्हणजे तिला कळलंय. प्रत्यक्षात तिचं मोजमाप तिथून सुरू होत असतं.

आणि मोजायला तिच्यासमोर काय असतं? गाडीचं अंग तिला दिसत नाही, फक्त दोन दिवे दिसतात. ते साधारण दीड मीटर अंतरावर असतात. दोनशे मीटरवरून त्या दिव्यांमधलं अंतर डोळ्यात अर्ध्या अंशाहून कमी भरतं. शंभर मीटरवर जेमतेम एक अंश. पन्नासवर दीडेक अंश, पंचवीसवर तीनहून थोडा जास्त. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने दोनशे मीटरवरून शंभरवर यायला गाडीला साडेचार सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तिला दिसणारा फरक नखभर असतो. पन्नासवरून पंचवीसवर यायला एक सेकंद पुरतो, आणि तेव्हा ते दिवे एकदम फाकतात. अंगावर येणारी वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांना अशीच दिसते. बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी एका क्षणात सगळं आकाश व्यापलं जातं. दुचाकीला तर एकच दिवा असतो, फाकायला दुसरा नाहीच.

अमेरिकेत २०१५ साली झालेल्या एका अभ्यासात काऊबर्ड नावाच्या पक्ष्यांना पडद्यावर वेगवेगळ्या वेगाने अंगावर येणारी गाडी दाखवली. हे पक्षी गाडीचा वेग पाहून उडत नव्हते, गाडी ठरावीक अंतरावर आली की उडत होते, मग ती सावकाश येत असो वा सुसाट. हजारो पिढ्या हा हिशेब बरोबर ठरला आहे. बिबट्या असो वा रानकुत्रे, शिकारी अमुक अंतरावर आला की उडी मार, त्याआधी उगाच धावून दम घालवू नको. बिबट्याचा झपाटा ताशी साठेक किलोमीटरपर्यंत जातो आणि तोही काही क्षण. जमिनीवरचा सर्वांत वेगवान शिकारी चित्ता शंभरच्या आसपास पोचतो, काही सेकंदांपुरता. शंभरच्या वेगाने तासन्‌तास, दोन सूर्य डोक्याला बांधून, कुणाचाही पाठलाग न करता सरळ निघून जाणारा प्राणी पृथ्वीवर कधी नव्हता. मोटारगाडीचं वय अजून दीडशे वर्षंही नाही.

थिजण्यामागेही असाच जुना शहाणपणा आहे. बहुतेक शिकारी हालचाल टिपतात. न हललेलं हरीण झुडपात विरून जातं. धोक्याची चाहूल लागताच हरणाचं पाडस जमिनीला चिकटून पडतं आणि त्याच्या हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावतात. हा हुकूम मेंदूच्या मध्यभागातल्या एका जुन्या करड्या भागातून सुटतो. तो भाग आपल्यालाही आहे. भीतीने आपले पाय जमिनीला खिळतात ते त्याच्याच सांगण्यावरून. त्यात भर म्हणजे चांदण्यासाठी विस्फारलेली बाहुली आणि प्रकाश दोनदा वापरणारा आरसा. अशा डोळ्यावर अप्पर लाईट पडली की झोताबाहेरचं जग त्या प्राण्यासाठी नाहीसंच होतं. ससा रस्त्यावरून गाडीपुढे सरळ धावत सुटतो, बाजूला वळत नाही, त्याला हेही एक कारण आहे: बाजूला त्याला काळी भिंत दिसते.

रस्त्यात बसलेल्या गाईबद्दल मला नेहमी वाटतं की तिला कुणी तरी समजून घ्यायला हवं. पावसाळ्यात डांबर हीच काय ती कोरडी जागा असते. दिवसभर तापलेलं असल्यामुळे ते उबदार असतं, आणि जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्याने माश्या-डास कमी बसतात. ती तिथे रवंथ करते. उठायचं झालं तर घोडा आधी पुढचे पाय टाकतो. गाय आधी मागचं अंग उचलते. पुढच्या गुडघ्यांवर भार घेते, मान पुढे फेकते, कमरेकडून उभी राहते आणि मग एकेक करून पुढचे पाय सरळ करते. याला समोर मोकळी जागा लागते आणि काही सेकंद लागतात. हॉर्न दाबून धरलेल्या ड्रायव्हरला ती हट्टी वाटते. तिच्या हाडांच्या रचनेत घाई बसतच नाही.

आता आपला डोळा. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर, जिथे आपली नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तिथे अंधारात पाहणाऱ्या पेशी नाहीतच. त्या भोवताली आहेत. म्हणून फिकट तारा पाहायचा असेल तर त्याच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावं लागतं. झोताच्या काठावरच्या अंधारात काही हललं म्हणून ड्रायव्हर तिकडे सरळ नजर रोखतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ते विरतं. या अंधारपेशींना पुरतं जागं व्हायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो, आणि समोरच्या ट्रकने डिप्पर दिला नाही की ती सगळी मेहनत एका झटक्यात वाया जाते. दिपलेले डोळे ठिकाणावर यायला पाच सेकंद लागले, तर ८० च्या वेगात शंभर मीटरहून जास्त रस्ता आपण जवळजवळ न पाहताच कापलेला असतो. वयही आडवं येतं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट.

याला वेगाचा हिशेब जोडून पाहा. अनपेक्षित काही दिसल्यावर पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीडेक सेकंद जातो असं धरू. रस्ता कोरडा, टायर चांगले. ४० च्या वेगाने गाडी एकूण पंचवीसेक मीटरमध्ये थांबते, ६० ला पंचेचाळीस, ८० ला सत्तरच्या आसपास, १०० ला शंभराला टेकते. डिप्परवर काळ्या रंगाचं जनावर पन्नास मीटरवर दिसलं तरी नशीब म्हणायचं. तेव्हा ६० ने येणारी गाडी म्हशीच्या अलीकडे पाच मीटरवर उभी राहील. ८० ने येणारी गाडी त्याच म्हशीवर आदळेल, आणि आदळताना तिचा वेग ५८च्या आसपास असेल. मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा पुन्हा पुन्हा तपासलं. वीसचा फरक ब्रेकने कापला जाईल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या वीसमुळे गाडी जवळजवळ साठनेच धडकते, कारण अर्ध्याहून जास्त अंतर पाय ब्रेकवर येईपर्यंतच संपलेलं असतं.

संकेश्वर–बांदा रस्ता गेल्या काही वर्षांत रुंद आणि गुळगुळीत झाला. वेग वाढला. डोळे होते तेच राहिले, दोन्हीकडचे.

उसाचंही इथे मोठं काम आहे. संकेश्वरला हिरण्यकेशी साखर कारखाना आहे, आसपास आणखी कारखाने आहेत, आणि वर्षातले बरेच महिने हजारो एकर ऊस माणसाच्या डोक्याहून उंच उभा असतो. कोल्हा, रानमांजर, मुंगूस, साळिंदर, डुक्कर यांच्यासाठी ते जंगलच. पिल्लंही तिथेच होतात. दिवाळीच्या सुमारास तोड सुरू होते आणि एका दिवसात एखाद्याचं घर मोळ्या बांधून ट्रॉलीवर चढतं. बाहेर पडलेली जनावरं त्या रात्री दुसरा फड शोधायला निघतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत रस्त्यावर रात्रभर उसाची वाहतूक असते. पोरकी पिल्लं आणि न दिसणाऱ्या ट्रॉल्या, दोन्ही एकाच हंगामात.

पावसाळ्यात दृश्य आंबोलीकडे सरकतं. सापांना अंगातली ऊब स्वतः तयार करता येत नाही, म्हणून संध्याकाळी गार झालेल्या जमिनीवरून घोणसेसारखे साप तापल्या डांबरावर येऊन पसरतात. रातवा पक्षीही तिथेच बसतो, किडे टिपायला; त्याच्याही डोळ्यात आरसा आहे, आणि तो निखाऱ्यासारखा तांबडा चमकतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर बेडूक डबक्यांकडे निघतात. आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर एक छोटा भेक आहे, झॅन्थोफ्रिने टायगेरिना. ही प्रजाती झॅन्थोफ्रिने या नव्या वंशात २००९ मध्ये शास्त्राला सांगितली गेली, आणि तो जगात याच परिसरात सापडतो. त्याचं प्रजनन पावसाच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांत, दगडातल्या उथळ डबक्यांत उरकतं. त्या थोड्याच रात्री पर्यटकांच्याही असतात. गवा मेला की बातमी होते. अशा एका रात्रीत टायरखाली काय काय गेलं, हे कुणालाच ऐकू येत नाही.

जनावर समोर आलं किंवा धडक झालीच तर काय करायचं, ते थोडक्यात सांगतो. ब्रेक सरळ दाबायचा, स्टिअरिंग झटकन वळवायचं नाही. जनावर वाचवताना झाडावर किंवा समोरच्या गाडीवर गेलेली माणसं पुष्कळ आहेत. वेळ असेल तर अप्पर बंद करून डिप्पर करायचा, म्हणजे जनावराला बाजूचं जग परत दिसू लागतं. गाडी कडेला, पार्किंगचे दिवे चालू. जखमी जनावराजवळ लगेच जायचं नाही, कारण वेदनेत पाळलेलं कुत्रंसुद्धा चावतं. पाळीव जनावरांसाठी १९६२ या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राणी असेल तर वनविभागाचा १९२६. ‘उठून पळालं, म्हणजे बचावलं’ असं समजून निघून जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. भीतीने आणि जिवाच्या आकांताने केलेल्या धावपळीत हरणासारख्या प्राण्यांचे स्नायू आतून फुटू लागतात, त्यातली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि वरून एक ओरखडा नसलेलं जनावर काही तासांनी किंवा दिवसांनी मरतं. मेलेलं जनावर रस्त्यात तसंच राहिलं तर ते खायला कोल्हा येतो, कुत्री येतात, पहाटे कावळे येतात, आणि एकाचे तीन होतात. म्हणून ते कडेला ओढलं जाणं किंवा उचललं जाणं गरजेचं असतं.

एकट्या ड्रायव्हरच्या सावधपणावर हे सोडून देणं मला पटत नाही. कर्नाटकातच बंडीपूरच्या जंगलातून जाणारे महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतात. त्यावर बरेच वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण बंदी टिकली. महाराष्ट्रात नागपूरहून उत्तरेला जाणारा महामार्ग ४४ पेंचच्या वाघांच्या जंगलाला चिरत जातो. तिथे चौपदरीकरण करताना रस्ता नऊ ठिकाणी खांबांवर उचलला आणि खालून जनावरांना वाट ठेवली. या वाटा ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंद आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर या काळात १८ जातींचे वन्यप्राणी ५,४५० वेळा कॅमेऱ्यात आले. ११ वेगवेगळ्या वाघांनी मिळून ८९ वेळा रस्ता खालून पार केला. वर ट्रक धावत होते. कुणी त्यांना ही वाट दाखवली नव्हती. आजरा ते आंबोलीच्या पट्ट्यात गवे कुठे कुठे रस्ता ओलांडतात हे तिथल्या गुराख्यांना आणि वनरक्षकांना तोंडपाठ असतं. रस्त्याचं पुढचं काम होईल तेव्हा आराखडा काढणाऱ्यांनी आधी त्यांना विचारावं.

जनावरं रस्ता शिकतच नाहीत असं मात्र नाही, आणि हे मला सगळ्यांत थक्क करतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात चार्ल्स आणि मेरी ब्राऊन यांनी १९८२ पासून तीस वर्षं भिंगरीच्या नात्यातल्या क्लिफ स्वॅलो या पक्ष्यांचा अभ्यास केला. हे पक्षी पुलांखाली आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांत मातीची घरटी करतात. ब्राऊन दांपत्य रस्त्यावर मेलेले पक्षी थांबून उचलत आणि मोजमाप करून ठेवत. २०१३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. या तीस वर्षांत पक्ष्यांची संख्या वाढली, रस्त्यांवरची वाहतूक घटली नाही, तरी गाडीखाली मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या वर्षागणिक कमी कमी होत गेली. रस्त्यावर मेलेल्या पक्ष्यांचे पंख बाकीच्यांपेक्षा लांब होते, आणि जिवंत असलेल्यांचे पंख काळाबरोबर आखूड होत चालले होते. आखूड पंखाचा पक्षी रस्त्यावरून झटकन सरळ वर उठू शकतो आणि चटकन वळू शकतो. लांब पंखांचे गाडीखाली गेले, आखूड पंखांचे पिल्लं वाढवायला उरले. बाकीही कारणं असू शकतील असं ब्राऊन यांनी स्वतः नमूद केलं आहे, पण मोटारीने तीस वर्षांत एका पक्ष्याचं शरीर बदललं असण्याची शक्यता त्यांच्या मोजपट्टीत दिसते.

हा पक्षी वयाच्या पहिल्याच वर्षी घरटं करतो आणि एका वेळी तीन-चार अंडी घालतो. गव्याची मादी नऊ महिने पोटात वागवते आणि एका वेळी एकच वासरू देते.